मंगळवारच्या शेंगा

सुनेला माझ्या ओट्यावर आणून टेकवली आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

सकाळची वेळ होती. ती जनावरांना घास कापायला गेली होती आणि बांधावर तिला घोणस चावली, उजव्या घोट्याच्या वर. कुणीतरी तिच्या पिंढरीला सुंभ आवळून बांधला होता. पाय सुजून चकाकायला लागला होता. बापूनं, म्हणजे माझ्या धाकट्या दिरानं, तिच्या तोंडात कडुलिंबाचा पाला कोंबला. आमच्याकडं साप चावला की लिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष चढलेलं नाही, गोड लागला तर चढलं, असं मानतात.

"कडू लागतंय का गं?" बापूनं विचारलं.

"लागतंय."

"बघा. इख चढलं न्हाई."

लोकांना बरं वाटलं. सुनेच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, ते मी बघितलं. त्यांना वाटलं पाल्याच्या काड्या लागल्या असतील.

"आता आईला इचारू," बापू म्हणाला. "आई म्हणली नाथाच्या देवळात ठिवा, तर देवळात. आई म्हणली दवाखाना, तर दवाखाना. वयनी, बसा."

जावेनं पाट मांडला. कुंकवाचं ताट आलं. कुणी ऊद पेटवला. खुंटीवरची हलगी खाली निघाली.

आई म्हणजे देवी. मी देवीचं झाड होते. झाड म्हणजे जिच्या अंगात देवी येते ती बाई. लग्नानंतर दुसऱ्या वर्षीच माझ्या अंगात यायला लागलं, ते सासू गेली, नवरा गेला, तरी येतच राहिलं. दर मंगळवारी आमच्या अंगणात माणसं बसायची. कुणाची गाय आटली, कुणाच्या पोरीचं जमत नाही, कुणाला दारू सुटत नाही. मंगळवारी म्हातारे बाप्येही मला आई म्हणून पाया पडायचे आणि बुधवारी तेच मला काकू म्हणून पाण्याच्या पाळीवरनं भांडायचे.

त्या सकाळी त्या गर्दीत दोनच माणसांना माहीत होतं की देवी माझ्या अंगात येत नाही, आणि मी तिला मानतही नाही. एक मी. दुसरा समोरच्या खोलीच्या दारात दोन झेंडे काखेत मारून उभा होता. तो आमचा भाडेकरू. पुढचं कळायला आधी तो माणूस कळला पाहिजे.

तो रेल्वेत मालगाडीचा गार्ड होता. गाडीच्या शेवटच्या डब्यात एकटा बसणारा. रिटायर होऊन तो आमच्याकडं राहायला आला. आमचं गाव यवत आणि भांडगावच्या मधे, हायवेपासून आत. दौंडात भाऊबंद असताना हा माणूस इथं शेतातल्या खोलीत का येतो, ते कुणाला कळेना. ख्रिश्चन आहे एवढं कळलं. बापू म्हणाला, "धर्म वाढवायला आला आसंल." मी वर्षभर वाट बघितली, त्यानं कुणाला काही वाढलं नाही. स्वतःच्या खोलीत चित्र नाही, क्रूस नाही, काही नाही. एक काळी लोखंडी पेटी होती, गार्डांना मिळते ती. तिच्यावर तो जेवायचा, तिच्यावरच बसायचा, आणि पाहुणा आला तर पाहुण्याला पेटी देऊन स्वतः उभा राहायचा.

तोंडावर आम्ही त्याला गार्डसाहेब म्हणायचो आणि पाठीमागं झेंड्या. मी इथं म्हातारा म्हणते. मीही म्हातारीच आहे.

एक हिरवा आणि एक लाल, असे झेंडे तो नेहमी काखेत ठेवायचा. शेतात फिरायला निघाला तरी बरोबर. दूधवाल्याचा टेम्पो आमच्या दारातून निघताना हा हिरवा झेंडा दाखवायचा. आधी दूधवाला हसायचा, मग त्याला इतकी सवय झाली की झेंडा दिसेपर्यंत गिअर टाकायचा नाही. लांबून रुळावरची गाडी ऐकू आली की म्हातारा घड्याळ बघायचा आणि म्हणायचा, "राइट टाइम." नाहीतर "लेट." लेट म्हणताना तोंड असं करायचा की घरातलं कुणी गेलंय. माझं आणि सुनेचं भांडण लागलं की दारात येऊन लाल झेंडा धरून उभा राहायचा. सून हसायची आणि मला राग यायचा, पण भांडण तिथं थांबायचं.

रविवारी तो दौंडला जायचा. चर्चच्या भिंतीबाहेर एक बाक आहे, त्यावर पेपर वाचत बसायचा. आत प्रार्थना, बाहेर हा. प्रार्थना सुटली की माणसं बाहेर यायची, चहा व्हायचा, हा सगळ्यांच्यात उभा राहून चहा प्यायचा, कुणाचा गुडघा, कुणाची बदली विचारायचा आणि परत यायचा. मी एकदा विचारलं, "आत का न्हाई जात?"

"आतलं मला पटत नाही."

"मग जाताच कशाला?"

"माणसं पटतात."

हे मला त्या वेळी येडचापपणाचं वाटलं.

माझं देवीचं सुटलं ते दुधामुळं. एका मंगळवारी मी घुमत होते. केस सुटलेले, हलगी चाललेली, समोर कासुर्डीची एक बाई पोर मांडीवर घेऊन रडत होती. आणि माझ्या डोक्यात आलं, चुलीवर दूध ठेवलंय, ते उतू जाईल. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून चुलीकडं बघितलं. तोंड आपलं चालूच होतं, पोराला अंगारा लाव, पाच मंगळवार कर. मग मी थंड पडले. देवीला माझ्या दुधाची काय काळजी? आणि दुधाची काळजी मी करत होते, तर बोलत कोण होतं? मीच बोलत होते. मग याच्या आधी कोण बोलत होतं?

माणसं गेल्यावर म्हातारा अंगणात आला. तो मंगळवारी आपल्या दारात बसून सगळं बघायचा, हसायचा मात्र कधी नाही. म्हणाला, "बाई, दूध वाचलं का?"

मी म्हणाले, "कसलं दूध?"

"तुम्ही बघितलंत ना चुलीकडं."

मला वाटलं, आता हा गावभर करणार. त्यानं पेटी ओढत आणून अंगणात ठेवली आणि मला म्हणाला, बसा. स्वतः उभा राहिला. मग त्यानं त्याचं सांगितलं. चर्चमधे रविवारी बायबल वाचायचं काम त्याच्याकडं होतं, बरीच वर्षं. आवाज चांगला होता. एका रविवारी वाचता वाचता त्याला कळलं की आपण टाइमटेबल वाचतोय. शब्द बरोबर, स्टेशनं बरोबर, आणि गाडी काही नाही. पुस्तक मिटून तो घरी गेला. बायको आधीच वारली होती. लेकीनं बोलणं टाकलं. "लोकांनी त्रास दिला नाही, बाई. पण सांगायला कुणी नव्हतं. ब्रेकव्हॅनमध्ये, त्या शेवटच्या डब्यात, एकटा बसून भिंतीशी बोलायचो. तेव्हा एक माणूस पाहिजे होता, दुसरं काही नको होतं." मग घड्याळ बघून म्हणाला, "तुम्हाला मी आहे."

मला त्याचा रागच आला. मी काय त्याच्याकडं माणूस मागितला होता? पण ते बोलणं डोक्यात राहिलं.

देवी गेल्याचं दुःख मला झालं नाही. भीती वाटली. देव मानत नाही असं मनात आलं की लगेच दुसरं मनात यायचं, आता पोराला काही होईल. माझा मुलगा कारेगावला राहतो, रांजणगावच्या एका कंपनीत मशीनवर आहे. त्याचा फोन एखाद्या दिवशी आला नाही की माझं जेवण जायचं नाही. गाय गाभण राहिली नाही तरी मला वाटायचं, लागली शिक्षा. जिला मानत नाही तिलाच भ्यायचं, हे मला स्वतःलाच हास्यास्पद वाटायचं आणि तरी भीती जायची नाही. म्हाताऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "जाईल हळूहळू. मला अजून क्रूस दिसला की हात कपाळाकडं जातो. हाताला कोण सांगणार?"

माझं तर सगळं अंगच तसं होतं. हलगी वाजली, उदाचा वास आला की पोटऱ्या आपोआप थरथरायच्या. मग कंबर, मग मान. मान सुरू झाली की माझ्या हातात काही राहायचं नाही. मानत नाही म्हणून काय झालं, शरीर काय मला विचारून करत होतं? आणि त्यात तोंडातून काय यायचं तेही ठरलेलं. लेकराला माझ्या पायाशी ठेव. पाच मंगळवार कर. बाहेरचं औषध घेऊ नको. तेच शब्द मी जन्मभर बोलले होते, दुसरे तोंडात नव्हतेच.

मग म्हाताऱ्यानं मंगळवारचा बंदोबस्त केला. मंगळवार आला की मी डोळ्याच्या दवाखान्यात दौंडला जाते असं घरात सांगायचं. बरोबर म्हातारा, कारण सुनेला शेत होतं. आम्ही दौंडला जायचो ते स्टेशनवर. प्लॅटफॉर्मच्या टोकाला एक बाक होता, तिथं तो मला बसवायचा आणि पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढायचा.

"फोडा."

"कशाला?"

"हाताला काम पाहिजे. मंगळवार हा वाईट टाइम आहे तुमचा."

मी शेंगा फोडायचे, तो टरफलं आपल्या कोटाच्या खिशात भरायचा, रेल्वेच्या जागेत घाण नको म्हणून. दाणे दोघं खायचो. हलगीच्या वेळेला पोटऱ्या तिथंसुद्धा थरथरायच्या. तेव्हा तो म्हणायचा, "समोर काय दिसतं ते सांगा." मी सांगायचे, हमाल दिसतो, कुत्रं दिसतं, एक बाई पोराला मारती. "आणखी?" असं करता करता वेळ टळायची. समोर गाडीचं इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावायचे. दौंडला काही गाड्यांचं तसं करावं लागतं. म्हातारा म्हणाला, "नवा माणूस घाबरतो बघा. त्याला वाटतं गाडी परत चालली." मला काहीतरी समजावून सांगायची त्याची खटपट होती. मी म्हणाले, "मला इंजिनातलं कळत न्हाई. शेंगा आना आनखी."

घरी लोक विचारायचे, अजून डोळे बरे होईनात का? मी म्हणायचे, मोतीबिंदू पिकायचाय. मंगळवारी येणारी माणसं कमी झाली. बापू मात्र चिडायचा. आमच्या घराचा मान त्या अंगणावर होता. "वयनी, आईला असं ताटकळत ठिवू नका," म्हणायचा. "आई दुसरं झाड बघंल." मी मनात म्हणायचे, बघू दे.

एकदा गावच्या शाळेच्या पटांगणात शिरूरहून एक शिकलेला तरुण आला होता, अंधश्रद्धेवर बोलायला. नारळातून कुंकू काढून दाखवलं, जिभेवर कापूर जाळला. मग केस मोकळे सोडून अंगात आल्याची नक्कल केली. पोरं लोळून हसली. माझ्या शेजारच्या बाया माझ्याकडं बघत होत्या. तो बोलत होता ते सगळं खरं होतं, मी त्यातलं एक अक्षर खोटं म्हणणार नाही. पण मला जमिनीत जावंसं वाटलं. कार्यक्रम झाल्यावर म्हातारा त्याच्याकडं गेला. मला वाटलं शाबासकी द्यायला गेला.

"चांगलं केलंत," तो म्हणाला. "आता ह्यांच्यातली एखादी बाई उद्या म्हणाली, मी सोडते, तर तिनं कुणाच्या घरी जायचं? तुमचा पत्ता काय?"

तो तरुण म्हणाला, "आजोबा, आम्ही प्रबोधन करतो."

"ते बरोबर. पत्ता सांगा."

त्यानं कार्ड दिलं. म्हाताऱ्यानं ते मला आणून दिलं. म्हणाला, "माणूस वाईट नाही. लहान आहे." मी ते कार्ड डब्यात ठेवलं. अजून आहे.

म्हातारा कधी कुणाच्या देवाला वाकडं बोलला नाही. बापू मुद्दाम त्याला टोकायचा, "काय गार्डसाहेब, तुमचा येशू मोठा का आमचा नाथ?" हा म्हणायचा, "वाद घालायची माझी ड्युटी नाही." मी घरात सांगून टाकावं असंही त्यानं कधी म्हटलं नाही. मीच विचारलं, सांगू का? तो म्हणाला, "घाई काय आहे? विचारलं तर खोटं बोलू नका, एवढंच. न विचारता काय भाषण करायचं?" डोळ्याच्या दवाखान्याचं खोटं मग कसं चालतं, असं मी विचारलं. त्यानं बराच विचार केला आणि म्हणाला, "ते शंटिंगचं आहे, यार्डातल्या यार्डात. मेन लाइनवर खोटं नको."

मेन लाइन त्या सकाळी ओट्यावर आली.

हलगी सुरू झाली. उदाचा धूर माझ्या नाकात गेला. सून भिंतीला टेकून बसली होती, चेहरा पांढरा, ओठांच्या कडेला रक्त. मी उभी होते आणि माझ्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. लोकांनी बघितलं. "आली, आली," जाऊ म्हणाली. मला नको होतं. मी जमीन धरून ठेवायला बघत होते, पण थरथर मांडीत चढली. त्या दिवशी भीती पण होती ना, भीतीनं अंग लवकर जातं. मला स्वच्छ माहीत होतं की मान सुरू झाली तर माझ्या तोंडातून काय येणार. लेकराला माझ्या पायाशी ठेव. बाहेरचं औषध घेऊ नको. आणि हे लोक तिला उचलून नाथाच्या देवळात नेऊन ठेवणार, आणि ती तिथं मरणार. माझ्या तोंडानं मरणार.

म्हातारा अंगणातून चालत आला. लाल झेंडा उलगडून त्यानं हलगीवाल्याच्या नाकासमोर धरला. का कोण जाणे, हलगीवाला थांबला. म्हाताऱ्यानं शेंगांची पिशवी माझ्या पायाशी ठेवली.

"बाई, फोडा."

"ए झेंड्या," बापू म्हणाला, "हो बाजूला. हितं काय चाललंय, तुझं काय."

"बाई, समोर काय दिसतं?"

मी खाली बसले. पाटावर नाही, जमिनीवर. एक शेंग फोडली, दुसरी फोडली. दाणे जमिनीवर उडाले. मी म्हणाले, "सून दिसती. पाय दिसतो. रगत दिसतं हिरडीतनं." माझा आवाज माझाच होता. म्हणाले, "हिला दौंडला न्या. सरकारी दवाखान्यात."

"वयनी, तुम्हाला कोण इचारतंय?" बापू म्हणाला. "आमी आईला इचारतोय. तुमी मधी बोलू नका."

"शेंगा काय फोडताय वो," जाऊ म्हणाली. "असल्या टायमाला. कोप व्हईल आईचा."

कुणीतरी मुलाला फोन लावत होतं. शिफ्टला फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, त्यामुळं नुसता वाजत होता. मी शेंगा फोडत होते. मला दुसरं काही सुचत नव्हतं. माझं कुणी ऐकत नव्हतं आणि देवीचं ऐकायला सगळे थांबले होते. त्या वेळी क्षणभर माझ्या मनात आलं की सोंग करावं, केस सोडून म्हणावं की दौंडला न्या. पण सोंग सुरू केलं तर अंग त्याच्या वाटेनं जाणार, ते मला माहीत होतं. तिथून पुढं बोलणारी मी नसणार.

तेव्हा सून बोलली. जीभ जड झाली होती.

"आत्या, आई येती का न्हाई?"

"न्हाई."

"उशिरानं येईल?"

"न्हाई येनार. लई दिवस झालं, येत न्हाई. मी मानत बी न्हाई."

माझ्या शेजारी उभ्या बाईनं तिच्या पोरीला ओढून मागं घेतलं. बापूच्या हातातलं कुंकवाचं ताट तिरकं झालं आणि कुंकू ओट्यावर सांडलं.

सून माझ्याकडं बघत होती. मग म्हणाली, "मग मला हितं कशाला बसवलंय? गाडी बोलवा की."

दूधवाल्याचा टेम्पो गर्दी बघून रस्त्यावरच थांबला होता. कॅन उतरवले आणि तिला आत घातलं. बापू पण चढला. म्हाताऱ्यानं आधी हिरवा झेंडा दाखवला आणि मग स्वतः मागं चढला. घाईत त्याचा लाल झेंडा अंगणातच राहिला.

दौंडच्या दवाखान्यात डॉक्टरनं सुंभ सोडला, इंजेक्शनं सुरू केली आणि विचारलं, एवढा वेळ कुठं होता? उत्तर मी दिलं. "माझी वाट बघत हुतो," म्हणाले. त्याला काही कळलं नाही.

तिची लघवी बंद झाली. तिला पुण्याला न्यायला सांगितलं. मूत्रपिंडावर विष गेलं होतं. पुण्याच्या दवाखान्यात त्यांनी तिला मशीनला लावलं आणि आम्हाला बाहेर बसवलं. मुलगा कारेगावहून कंपनीच्या कपड्यातच आला. बापूनं त्याला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"आई, तू म्हणलीस? समद्यांम्होरं?"

"म्हणले."

"अशा टायमाला?"

"तिनं इचारलं."

तो दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. बापू मला ऐकू जाईल असं म्हणाला, "हिला काय झालं तर ते वयनीच्या तोंडानं झालं. आईला दारात येऊन दिली न्हाई."

त्या बाकावर मी किती बसले ते मोजलं नाही. शेजारच्या बाया जप करत होत्या. एक बुरखावाली बाई हात पसरून बसली होती. सगळ्यांना काहीतरी करायला होतं. मला काहीच नव्हतं. नवस जिभेवर आला होता. साधा नवस, हिला वाचव, मी परत पाटावर बसते. एवढं बोललं की मन हलकं झालं असतं. मी म्हाताऱ्याला म्हणाले, "बोलू का नवस?"

तो म्हणाला, "बोला. मी काय पोलीस आहे?"

"तुमी बोलला हुता का? बायकोच्या टायमाला?"

"बोललो होतो."

"मग?"

"मग काय. ती गेली." त्यानं पिशवीत हात घातला. शेंगा संपल्या होत्या. त्यानं खिशातली टरफलं काढून माझ्या ओंजळीत दिली. "हीच चुरगाळा," म्हणाला.

मी ती चुरगाळत बसले. नवस बोलले नाही. माझा निश्चय वगैरे काही नव्हता, टरफलं चुरगाळताना राहून गेलं. झाडूवाल्या बाईनं मला शिव्या दिल्या. म्हाताऱ्यानं तिची माफी मागितली आणि खाली बसून कचरा हातानं गोळा केला.

सुनेचं मशीन बरेच दिवस चाललं. मग एका सकाळी नर्सनं सांगितलं की लघवी सुरू झाली. बापूनं हात जोडून वर बघितलं. मुलगा उठला आणि माझ्या बाकावर येऊन बसला. डब्यातली भाकरी मोडून अर्धी मला दिली.

गावात अर्थातच असं झालं की देवीनंच वाचवलं. आईनं वयनीला सोडलं पण सुनेला सोडलं नाही, असं जाऊ सगळ्यांना सांगते. देवीचा टाक आणि कुंकवाचं ताट बापू आपल्या घरी घेऊन गेला. मंगळवारी आता जाऊ बसते. हलगी ऐकू येते. पोटऱ्या अजून कधी कधी थरथरतात. काही घरांनी माझ्या घरी चहा घ्यायचं बंद केलं. तरी मी मयताला जाते, बारशाला जाते, कडेला बसते, चहा पिते. गुडघे विचारते. चर्चच्या बाहेरचा तो बाक मला तेव्हा कळला.

म्हातारा त्यानंतर फार जगला नाही. छातीत पाणी झालं. दवाखान्यातून परत आणला तेव्हा दौंडला भाच्याकडं जायला तयार होईना. सून त्याला पेज करून द्यायची. आता दुपारी मी त्याच्या पेटीवर बसायचे, तो खाटेवर. घाबरलेला होता. मला वाटलं होतं हा माणूस घाबरणार नाही, पण घाबरला. एकदा म्हणाला, "बाई, पुढं काही असेल का?"

"मला काय म्हाईत," मी म्हणाले. "मी चौथी शिकले."

तो हसला, खोकला, परत हसला. मग मी म्हणाले, "समोर काय दिसतं ते सांगा."

"तुम्ही दिसता."

"आनखी?"

"दार. गाय. झेंडा." मग लांबून गाडी ऐकू आली. त्यानं उशीखालचं घड्याळ काढलं, डोळ्याजवळ धरलं आणि तोंड वाकडं केलं.

तो गेल्यावर दौंडहून चर्चची माणसं आली. रविवारच्या चहाची. त्यांनी त्याला आपल्यातलाच म्हणून नेलं, प्रार्थना म्हटली, पुरला. लेक आली होती, ती माझ्याशी दोन शब्द बोलली. मी प्रार्थनेच्या वेळी फाटकाजवळ उभी राहिले आणि नंतर त्यांच्यात उभी राहून चहा घेतला.

सून पायात गमबूट घालून घास कापायला जाते. उजवा पाय थंडीत दुखतो म्हणते. ती जगली. तो गेला. मी आहे.